दुपारचे पाढे

परवा आमच्या अल मजाजच्या फ्लॅटवर दोन तरुण आले होते. एक हमरिया फ्री झोनमधल्या कुठल्याशा कंपनीत मॅनेजर, दुसरा त्याचा मेहुणा. दोघंही रत्नागिरीकडचे, आपलेच. जमातीची स्मरणिका काढतायत म्हणे. शारजात आपल्या मुलांना शिकवायला सुरुवात कुणी केली, त्यावर खालाजान, तुमच्या आठवणी द्या. मी तोंड उघडायच्या आतच त्यांनी एक फोटो टेबलावर ठेवला, आमच्या वेळच्या कंत्राटदाराचा. शेटचा. सोनेरी काड्यांचा चष्मा, कोट, खिशात पेन. फोटोखालची ओळ आधीच तयार होती: ‘गरिबांच्या मुलांना विद्यादान करणारे’. मला फक्त त्या ओळीला शोभेल असं काहीतरी बोलायचं होतं.

मी विचारलं, हा माणूस तुम्ही पाहिलाय का? नाही म्हणाले. मग मी म्हटलं, मी पाहिलाय, आणि हा फोटो आधी माझ्या टेबलावरून उचला. दोघं एकमेकांकडे बघायला लागले. माझा नातू सोफ्यावर फोनमध्ये डोकं घालून बसला होता. त्याने मान वर न करता सांगितलं, “नानी, प्लीज, जस्ट से समथिंग नाइस.”

नाइस मला जमत नाही. जे झालं ते मी लिहून देते. छापायचं तर छापा, नाहीतर त्या कागदात सुके बोंबील बांधा.

मुलांना शिकवायला सुरुवात केली ती आमच्या मास्तरांनी. त्यांचा फोटो नाही. आम्ही राहायचो तिथे फोटो काढणारा येत नव्हता, आणि आला असता तर मास्तरांनी त्याला हाकलला असता.

तेव्हा अमिरात हा शब्दही नव्हता. शारजा म्हणजे एक गाळ भरलेली खाडी, तिच्या काठाला शेटसारख्या लोकांची थोडी दगडी घरं, बाकी सगळ्या खजुरीच्या फांद्यांच्या झोपड्या. बरस्ती म्हणायचे त्यांना. लांब वाळूत इंग्रजांचा फौजी कॅम्प होता. माझे अब्बा त्या कॅम्पात स्वयंपाकी होते. बहुतेकांची बायका-पोरं गावीच असायची. आम्हाला गावी सांभाळायला कुणी उरलं नव्हतं, म्हणून अब्बांनी अम्माला आणि मला लाँचने बोलावून घेतलं. अशी आणखी पाच-सहा बिऱ्हाडं होती. कॅम्पला माणसं पुरवण्याचं कंत्राट शेटकडे होतं. आमच्या सगळ्यांचे कागद शेटच्या कपाटात, म्हणजे आमचे बाप शेटच्या मुठीत. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे.

मास्तर कॅम्पच्या स्टोअरमध्ये लाकडी पेट्या उघडायचे. खिळे उपटायचे, माल फळीवर लावायचा, पेटीवर काय छापलंय ते साहेबाला ओरडून सांगायचं. दापोलीकडच्या खाडीकाठच्या गावातले. शाळा त्यांनी बाहेरून पाहिली होती, कारण शाळेच्या पडवीला लागून दुसऱ्यांची गुरं बांधायचं काम त्यांच्याकडे होतं. आत कधी गेले नाहीत. मराठी शिकले बंदरावरच्या पाट्या वाचून. हिशेब शिकले एका पेढीवर पोती उचलताना. तिथला दिवाणजी तोंडाने पाढे पुटपुटत बेरजा करायचा, ते ऐकून. आणि इंग्रजी शिकले पेट्यांवरून. त्यामुळे आम्हाला मांजर आणि उंदीर यांच्या आधी ‘धिस साइड अप’ आलं.

भूगोल तर त्यांचा सगळा डबाबंद. न्यूझीलंड? मटण. डेन्मार्क? लोणी. सिलोन? चहा. फ्रान्समधून आपल्या स्टोअरला काहीच येत नाही, म्हणजे आपल्या साहेबाचं त्यांच्याशी वाकडं असणार, असं त्यांनी आम्हाला अगदी गंभीरपणे सांगितलं होतं. सुरीला इंग्रजीत ‘क्नाइफ’ म्हणायचे. कुणी हसलं तर म्हणायचे, “के छापलाय ना? मग म्हणायचा. पैसे देऊन छापलाय तो.” मी लग्न होईपर्यंत क्नाइफ म्हणत होते. माझ्या नवऱ्याने सुधारलं, तेव्हा मला त्याचाच राग आला.

अंगाने काटकुळे, आवाज चिरका, आणि राग नाकाच्या शेंड्यावर. हातात कायम ती खिळे उपटायची लोखंडी कांब. पहिल्या दिवशी ती बघून आमची बोबडी वळली होती. पण ती कांब त्यांनी आमच्यापैकी कुणावर उगारली नाही. तिच्या टोकाने ते वाळूत अक्षरं काढायचे. पाट्या आमच्याकडे नव्हत्याच. दादू नावाचा एक बलुची मुलगा होता, त्याचा बाप गाढवावरून पाणी विकायचा. तो येताना उरलंसुरलं पाणी आणायचा, ते शिंपडून वाळू थापायची आणि त्यावर बोटाने लिहायचं. पुसायचं तर तळवा फिरवायचा.

आमच्याविषयी कुणी नाक मुरडलं किंवा आमच्या फाटक्या कपड्यांवरून, वाहत्या नाकांवरून कुणी काही बोललं, की मास्तर त्यांच्या स्टोअरच्या भाषेत सुनावायचे, “माल फर्स्ट क्लास आहे. पॅकिंगवर जाऊ नका.”

पैसे घेत नव्हते. पैसे राहू द्या, काहीच घेत नव्हते. एका ईदला अम्माने सांदणं करून माझ्या हाती पाठवली. मास्तर असे भडकले की मला वाटलं सांदणांत काही पडलंय. तरातरा आमच्या झोपडीशी आले आणि दारातूनच अम्माला म्हणाले, “भाभी, मी फुकट शिकवतो ती माझी हौस आहे. हौसेची मजुरी घेतात का कुणी?” अम्मा बिचारी डोक्यावरचा पदर सावरत उभी. मग परत गेले आणि सगळी सांदणं आम्हा पोरांत वाटून टाकली, स्वतः एक तुकडासुद्धा न चाखता. अम्मा दोन दिवस त्यांच्यावर रुसली होती. तिसऱ्या दिवशी म्हणाली, हा माणूस वेडा आहे, याच्याकडे रोज जात जा.

आमच्याच लोकांनी मात्र त्यांची काय किंमत केली? फुकटचं शिक्षण फुकटच्याच लायकीचं असणार, असं माझे अब्बासुद्धा म्हणायचे. बायको-मुलं नसलेला माणूस, दुपारी झोपायचं सोडून पोरं कशाला गोळा करतो? मोबदला घेत नाही म्हणजे काहीतरी डाव असणार. पैसे घेऊन कुणी चुना लावला तर आमचे लोक त्याला हुशार म्हणतात, आणि फुकट कुणी चांगलं केलं तर त्याची झडती घेतात. हे तेव्हाही होतं, आजही आहे.

आता दुपारचं सांगते. कॅम्प भल्या पहाटे सुरू होऊन एक वाजता सुटायचा. त्यानंतर सगळी शारजा झोपायची. उन्हाळ्यात तर दुपारी कुत्रंही रस्त्यावर दिसायचं नाही. मच्छीमार, खलाशी, हमाल, पहाटे तीनला उठणारे स्वयंपाकी, सगळे त्या दोन-अडीच तासांच्या झोपेवर जगायचे. मास्तरांना मोकळा वेळ तेवढाच. खाडीजवळ एका म्हाताऱ्या अरबाची जाळी ठेवायची लांबट झोपडी होती. मास्तरांनी ती त्याच्याकडे मागितली. त्याने आमच्याकडे बघितलं, मास्तरांच्या कांबेकडे बघितलं, आणि मोडक्या हिंदीत सांगितलं, “पढाओ. लेकिन हमारे नींद में आवाज आया, तो खलास.” त्याची खोली झोपडीच्या मागेच होती, मध्ये फक्त फांद्यांची भिंत.

पहिल्याच दिवशी मास्तरांनी बेचा पाढा सुरू केला आणि आम्ही गावच्या सवयीने गळा काढला. ‘बे पंचे दहा’पर्यंत पोचतो तो म्हातारा दारात. कपाळाला हात लावून उभा राहिला. मास्तरांनी त्याच्यासमोर स्वतःचे कान पकडले. मी जबान दिली होती, ती पहिल्याच दिवशी मोडली, असं म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून आमचे पाढे मुके झाले.

म्हणजे कसं, की मास्तरांनी कुजबुजत सांगायचं आणि आम्ही ओठ हलवायचे पण आवाज काढायचा नाही. अंगठा बोटांच्या पेरांवरून सरकवत जायचा. श्वाससुद्धा बेताने सोडायचा. सुकलेल्या जाळ्यांचा वास, फांद्यांतून वारा, भिंतीपलीकडे म्हाताऱ्याचं घोरणं, आणि आम्ही दहा-बारा पोरं मांडी घालून तोंडं हलवतोय. मास्तर रांगांमधून फिरत ओठ वाचायचे. कुणाचे ओठ चुकले की त्याच्यासमोर कांब वाळूत टेकवायचे. माझं तेरा साते नेहमी चुकायचं, आणि नेमके त्याच वेळी ते माझ्यासमोर येऊन उभे राहायचे. सगळ्यांत पक्की झुलेखा, परटाची मुलगी. तिचे ओठ इतके भरभर चालायचे की मास्तर तिच्यासमोर नुसते बघत थांबायचे, आणि त्यांच्या तोंडावर हसू यायचं. ते हसू आमच्यापैकी दुसऱ्या कुणाला कधी मिळालं नाही.

शिक्षा एकच होती. कुणी टंगळमंगळ केली तर मास्तर बोटाने दार दाखवून कुजबुजायचे, “जा. झोप जा.” मार परवडला असता. भर दुपारी घरी जाऊन झोपलेल्या आईबापांशेजारी पडून राहायचं आणि इकडे बाकीचे सतराच्या पाढ्यात आहेत हे माहीत असायचं. दादूला एकदा अशी शिक्षा झाली, तर तो झोपडीबाहेर उन्हात बसून फटीतून आमचे ओठ बघत होता. मास्तरांनी त्याला आत ओढून घेतलं आणि स्वतःचं पाणी पाजलं.

दोन वर्षं असं चाललं. तिसापर्यंत पाढे, मग अपूर्णांकांचे, म्हणजे पावकी, निमकी, सवायकी, दीडकी, सगळं झालं. तोंडातून एक शब्द न काढता.

मग शेटने शाळा काढली. तिचं नाव सांगत नाही. चार-पाच वर्षांत ती बंद पडली आणि तिचा आता मागमूसही नाही. शेटच्या गोदामाच्या वर दोन खोल्या, शिकवायला मुंबईहून आणलेली एक बाई. बाकं आणि काळे फळे कॅम्पच्या साहेबाने दिले, आणि देताना अट घातली की कॅम्पात काम करणाऱ्यांची मुलंही घ्यायची. शेटला बाकं हवी होती, मुलं नको होती. स्वयंपाक्याची मुलगी त्याच्या मुलीच्या शेजारी बसणार, परटाची पोर त्याच्या भाच्याच्या पुढे नंबर काढणार, हे त्याला कसं पचावं? म्हणून त्याने परीक्षा ठेवली. पास होईल त्याला प्रवेश. दिसायला किती न्यायाचं!

मास्तरांना इतकं खूश झालेलं मी आधी कधी पाहिलं नव्हतं. परीक्षा म्हणजे त्यांना लग्नघरासारखी वाटत होती. मुलांचे केस त्यांनी स्वतः कापले, तेही असे की दादू महिनाभर टोपी घालून फिरला. मुलींना म्हणाले, घरातलं चांगल्यात चांगलं घाला. अम्माने तिच्या निकाहातला हिरवा दुपट्टा मला दिला. आणि आम्हाला सगळ्यांना शेटच्या त्या दोन खोल्यांकडे घेऊन गेले, स्वतःचा सदरा धुऊन, ओला असतानाच अंगात घालून.

त्यांना आत घेतलं नाही. तुमचं काम स्टोअरमध्ये, असं शेटच्या माणसाने सांगितलं. ते दाराशीच उभे राहिले. आत टेबलामागे शेट, त्याच्या बाजूला शाळेच्या कमिटीतले दोघं सरबत पीत, आणि बाई. बाईचा चेहरा मवाळ होता, खोटं कशाला बोलू. तिने पहिलं नाव झुलेखाचं घेतलं आणि पंधराचा पाढा म्हणायला सांगितलं.

झुलेखा उभी राहिली. ओठ हलायला लागले. अंगठा पेरांवर चालायला लागला. पंधरा एके पंधरा, पंधरा दुणे तीस, मी बघत होते ना, एकही चुकत नव्हतं. बाई वाट बघत राहिली. मग म्हणाली, लाजू नकोस, बोल. झुलेखाने मान हलवली, परत पहिल्यापासून सुरुवात केली, आणि परत तसंच. तिला कळतच नव्हतं तिचं काय चुकतंय. नंतर मला उठवलं. मला कळत होतं की आवाज काढायला हवा. पण पाढ्याला आवाज असतो हे माझा घसा विसरला होता. मी तोंड उघडलं की पाठीमागे तो म्हातारा अरब झोपलाय असं वाटायचं. दादूचंही तेच. मग एकेकाला उभं करत गेले आणि आम्ही सगळे तिथे उभे राहून नुसती तोंडं हलवत होतो.

शेट मागे रेलला. “ही काय मुकी पोरं आणली आहेत? यांना स्कूल नको, डॉक्टर पाहिजे.” सरबतवाले हसले.

मास्तर दारातून बोलले, “बाई, तिच्या ओठांकडे बघा. करेक्ट म्हणतेय ती.” त्यावर जास्तच हसले.

आता मी जे सांगते ते नीट ऐका. बाईच्या समोर टेबलावर पाटी होती. पेन्सिल होती. तिने पाटी उचलली, झुलेखाकडे बघितलं, हात पुढे करणार एवढ्यात शेटने घड्याळात बघून घसा खाकरला. बाईने पाटी खाली ठेवली. एवढं साधं कुणाला सुचलं नाही असं मला सांगू नका. सुचलं होतं. सुचलं होतं म्हणूनच तो खाकरला. साठ वर्षं झाली, मला ती पाटी खाली ठेवल्याचा आवाज ऐकू येतो आणि माझं डोकं फिरतं.

झोपडीत परत आलो तेव्हा मास्तर कांब बाजूला टाकून वाळूत बसले.  मग म्हणाले, “चूक माझी. तुमच्या पोटात माल भरला आणि तोंडाला खिळे मारले.” आम्हाला वाटलं ते रडतील. रडले नाहीत. उठून वाळूवरची सगळी अक्षरं पायाने पुसली आणि म्हणाले, उद्या पोटभर जेवून या, पाणी पिऊन या.

दुसऱ्या दिवशी दुपारी, भर झोपेच्या वेळी, त्यांनी आम्हाला रांगेत लावलं आणि वाळूतून चालवत शेटच्या दगडी घरासमोर नेलं. खिडक्यांच्या हिरव्या झडपा लावलेल्या, चिटपाखरू नाही. पाय भाजत होते. मास्तर म्हणाले, “हां. बेपासून.”

आम्ही ओठ हलवायला लागलो.

मास्तरांनी कांब वाळूत खुपसली, दोन्ही हात कमरेवर ठेवले आणि त्या चिरक्या आवाजात स्वतःच सुरू केलं, “बे एके बे!” दोन वर्षांत त्यांनाही सवय राहिली नव्हती, ‘बे दुणे’ला आवाज फाटला. झुलेखाला हसू आलं, आणि हसता हसता तिच्या तोंडून ‘चार’ निघालं. खरोखरचं, ऐकू येणारं. मग दादू. मग मी. चारच्या पाढ्यापर्यंत आम्ही चाचपडत होतो. सातला गाडी रुळावर आली. अकरापासून जे काही सुटलं ते मला शब्दांत सांगता येणार नाही. दोन वर्षांचं आत कोंडलेलं सगळं बाहेर येत होतं. तेरा साते एक्क्याण्णव मी असं ओरडले की माझ्याच कानात दडे बसले. झडपा उघडल्या. नोकर बाहेर आले, आजूबाजूचे दुकानदार उठून आले, डोळे चोळत मच्छीमार आले. शिव्या घालायला आले होते, पण उभे राहून ऐकायला लागले. शेट बनियनवर बाहेर आला.

“काय तमाशा आहे हा?”

“परीक्षा आहे, शेट,” मास्तर म्हणाले. “काल आवाज कमी पडला. आज चेक करून घ्या.” आणि आमच्याकडे वळून, “थांबलात कशाला? यल्ला, चौदा.”

तिसापर्यंत म्हणून दाखवलं. वर पावकी, निमकी, दीडकी. शेट आत गेला तरी म्हणत राहिलो. घरी जाताना आमच्यापैकी कुणालाही बोलता येत नव्हतं, घसे बसले होते.

ही गोष्ट बाजारभर झाली. म्हाताऱ्या अरबाने तर ज्याला त्याला सांगितलं की दोन वर्षं ही पोरं माझ्या भिंतीपलीकडे होती आणि मला एकदाही जाग आली नाही. कॅम्पच्या साहेबापर्यंत पोचली. त्याने शेटला विचारलं, ज्यांना तीसपर्यंत पाढे येतात ती मुलं नापास कशी झाली? बाकं त्याची होती. शेटला उत्तर देणं भाग होतं.

आणि त्याने काय उत्तर काढलं? मुलं घेतो म्हणाला. सगळी घेतो. पण त्या पेट्या उघडणाऱ्याने आपला वर्ग बंद करायचा, आणि शाळेत येऊन सगळ्यांसमोर माझी माफी मागायची. नाहीतर मुलांचा प्रवेश खलास, आणि ज्यांचे कागद माझ्या कपाटात आहेत त्यांनी आपापलं बघावं.

हा निरोप मास्तरांना द्यायला शेट स्वतः आला नाही. आमचेच बाप गेले. असरच्या नमाजानंतर सगळे त्या झोपडीत जमले. बोलायला पुढे केलं माझ्या अब्बांना, कारण ते वयाने मोठे. अब्बा म्हणाले, “मास्तर, दोन लफ्ज बोलायचे आहेत फक्त. पोरांची जिंदगी बनेल. इन्शाल्ला तुमचं पण भलं होईल.” बाकीचे मान हलवत होते. चार दिवसांपूर्वी ज्यांची पोरं शेटच्या दारात गरजली, ते आज डोळे वर करत नव्हते. मी अब्बांवर खूप प्रेम केलं. पण त्या संध्याकाळी ते मला आवडले नाहीत, आणि ते मी त्यांना मरेपर्यंत सांगितलं नाही.

अम्मा दाराशी उभी होती. पुरुषांच्यात ती कधी बोलायची नाही. ती म्हणाली, “शिकवायचं पण त्यांनी, आणि माफी पण त्यांनीच मागायची?” 

मास्तर कांबेच्या टोकाने वाळू उकरत होते. हा माणूस सांदणाचा तुकडा घेत नव्हता, साहेबालाही कधी सलाम ठोकत नव्हता, नुसतं ‘मॉर्निंग’ म्हणायचा. मला खात्री होती की आता ते सगळ्यांना हाकलतील. त्यांनी विचारलं, “मुली पण घेणार?”

“घेणार.”

“दादू? तो इंडियन नाही.”

“सगळी म्हणालेत.”

“जबान दिली?”

“दिली.”

“ठीक आहे,” मास्तर म्हणाले, आणि झोपडी झाडायला लागले.

माफीच्या दिवशी आम्हाला नवीन बाकांवर बसवलं होतं. पहिल्यांदाच. शेटची माणसं होती, आमचे बाप होते, बाई होती. मास्तर धुतलेला सदरा घालून आले. कांब आणली नव्हती. त्यांचे हात कुठे ठेवावेत ते त्यांना कळत नव्हतं. ते पुटपुटले, शेट, चुकी झाली. शेट म्हणाला, मागे ऐकू नाही आलं. मास्तर परत म्हणाले, जरा मोठ्याने. मग शेटने शब्द सांगायला सुरुवात केली, आम्हाला शिकवतात तसे. म्हणा, मी अडाणी माणूस. म्हणा, मला शिकवण्यातलं काही कळत नाही. म्हणा, या मुलांना मी बिघडवलं. आणि मास्तर एकेक वाक्य त्याच्यामागे म्हणत गेले, हात जोडून, आमच्यासमोर. झुलेखाने डोकं बाकावर टेकवलं. बाई खिडकीबाहेर बघत होती. एकाही माणसाने, शिकलेल्याने किंवा न शिकलेल्याने, बस झालं असं म्हटलं नाही. शेट शेवटी म्हणाला, जाऊ द्या, मी मोठ्या मनाने माफ करतो.

किती मोठं मन ते पुढच्या आठवड्यात कळलं. स्टोअरमध्ये माणूस जास्त झाला असं निघालं आणि मास्तरांना लाँचवर बसवलं. आम्ही तेव्हा वर्गात होतो. त्यानंतर ते कुठे गेले, कसे गेले, मला माहीत नाही. त्यांच्या गावाकडे मी दोनदा विचारपूस केली, कुणाला धड सांगता आलं नाही. आमच्यातल्या झुलेखाने पुढे मुलांना शिकवलं, दादू बंदरावर हिशेबनीस झाला, मी बँकेत लागले. आणि फोटो शेटचा.

त्या दिवशी, माफी झाल्यावर, आम्ही जिन्यावरून धावत खाली गेलो. मास्तर गोदामाच्या भिंतीपाशी चपला घालत होते. आम्ही सगळे रडत होतो. ते आमच्यावर खेकसले, “रडता काय? सीट मिळाली ना? मग झालं.”

कुणीच हललं नाही. दुपार झाली होती, त्यांची आमच्याकडे यायची वेळ. त्यांनी एकेकाच्या तोंडाकडे बघितलं, आमचे ओठ बघायचे तसं. मग नेहमीच्या कुजबुजत्या आवाजात म्हणाले, “आजपर्यंत शिकवलं ते ध्यानात ठेवा. आज जे बघितलंत तेवढं विसरून जा.”

मास्तर, तेवीसचा पाढा माझा गेला. सवायकी, दीडकी कधीच गेली. विसरा म्हणालात ते मात्र शब्दन् शब्द पाठ आहे.